भिंगाखालचा खडा

१

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि आत म्हातारा रिकाम्या खुर्चीचे डोळे तपासत होता.

"खालची ओळ वाच गं," तो खुर्चीला सांगत होता. "काल तर वाचलीस."

कारागीर वाकून आत शिरला तेव्हा त्याला आधी वाटलं, मालकांना सकाळी सकाळी थट्टेची लहर आली. चष्मेवाला म्हातारा तसा थट्टेखोरच होता. पण त्या खुर्चीत बसून अक्षरं वाचायची सवय एकाच बाईची होती, म्हाताऱ्याच्या बायकोची, आणि ती जाऊन बरेच दिवस झाले होते.

बाहेर उकाड्याने जीव नकोसा झाला होता, तरी पंखा बंद होता. म्हाताऱ्याने गळ्यापर्यंत कोट चढवला होता. फरशीवर चष्म्यांचे बारीक स्क्रू सांडले होते आणि पायाखाली करकरत होते. टेबलावर एक तयार चष्मा पडला होता, त्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात काच बसवताना चूक केली नाही, त्याची ही गत. दर्शनी कपाटात तेवढं सगळं जागच्या जागी होतं: फ्रेमांच्या रांगा, आणि मधोमध भिंगाखाली मांडलेला तो पांढुरका मूतखडा. ऑपरेशन करून काढलेला खडा सर्जननी भेट दिला, तेव्हापासून म्हातारा तो येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. "घरचा माल आहे," म्हणायचा, "पण विकायचा नाही."

कारागिराने हाक मारली. म्हाताऱ्याने वळून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि स्टुलावरून खाली घसरला.

घरची माणसं धावत आली. सून आधी आली, मागून मुलगी. सून म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मुलीची नजर मात्र दुकानभर फिरली आणि उघड्या खणावर थांबली. खणात औषधाची एक रिकामी बाटली होती. झोपेच्या गोळ्यांची. तळाशी पांढरी पूड चिकटली होती.

मुलीने ती बाटली रुमालात गुंडाळली आणि सुनेकडे पाहिलं.

"बाबांना कोणीतरी काहीतरी घातलंय," ती म्हणाली. "आणि त्यांच्या हातात औषध एकटी तूच देतेस."

२

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंना सगळे माघारी फौजदार म्हणायचे. काय खाल्लं, कोणी दिलं, कधी दिलं, तेव्हा खोलीत कोण होतं, असे त्या पेशंटला प्रश्नावर प्रश्न विचारायच्या, म्हणून. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आठवड्यापूर्वी त्या स्वतःच्या चष्म्यावर बसल्या होत्या. तेव्हापासून तो नाकावर तिरका बसायचा आणि त्या दर दोन वाक्यांनी तो वर ढकलायच्या.

त्या आल्या तेव्हा ड्यूटीवरचे डॉक्टर म्हाताऱ्याच्या पोटात नळी घालून पोट धुवायच्या तयारीत होते. गोळ्यांचा प्रकार आहे, पोलिसांना कळवावं लागेल, असं ते एका दमात सांगून मोकळे झाले.

फौजदारबाई म्हाताऱ्यावर वाकल्या. तो टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

"बाबा, मी कोण सांगा बरं?"

पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली सून हळूच बोलली, "डॉक्टर, तुमचा चष्मा वाकडा आहे."

"असू दे की."

"तसं नाही. बाबांना वाकडा चष्मा बघवत नाही. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवतात आणि सरळ करून देतात. आम्हाला लाज वाटते इतकं. आज ते तुमच्याकडे नुसतेच बघताहेत."

कागदावरचे आकडे फौजदारबाईंनी अजून पाहिले नव्हते, पण हा माणूस हातचा चाललाय हे त्यांना त्या एका वाक्याने कळलं.

मग आकडे पाहिले. बीपी घसरत होतं. श्वास भराभर चालला होता. हातपाय गार होते. ताप मात्र नव्हता. नाडी तेवढी संथ होती, पण म्हातारा बीपीची जी गोळी घ्यायचा ती नाडीला पळूच देत नाही, त्यामुळे नाडीच्या साक्षीला काही अर्थ नव्हता.

"पोट धुवायचं नाही," त्या म्हणाल्या. "शुद्ध धड नाही, पाणी छातीत गेलं तर संपलंच. सलाईन जोरात सोडा. रक्त तपासायला पाठवा आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करा. सोनोग्राफीचं मशीन इथेच मागवा."

मशीन वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलं होतं. तिथलं काम उरकल्याशिवाय ते खाली येणार नव्हतं.

मुलगी आडवी आली. विष उतरवायचं सोडून हे काय चाललंय, असं तिने चारचौघांत विचारलं. रुमाल उघडून बाटली पुढे केली.

"ताई," फौजदारबाई शांतपणे म्हणाल्या, "झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या तर श्वास मंदावतो. माणूस घोरत पडतो. तुमचे वडील धापा टाकताहेत."

"मग दुसरं काही विष असेल."

फौजदारबाईंनी बाटली उजेडात धरली. पूड खडूसारखी होती. झाकण उघडून वास घेतला, तेव्हा औषधाचा वास आलाच नाही. कुबट, उग्र असा काहीतरी वास आला, बंद पडलेल्या मोरीसारखा. हा वास त्यांच्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

"काय आहे ते?" मुलीने विचारलं.

"अजून कळलं नाही."

"तुम्हाला कळेपर्यंत आमचा माणूस राहील का?" मुलीचा आवाज फाटला. भाऊ बोटीवर, समुद्रात, त्याला फोन लागत नव्हता. निर्णय सगळा तिच्याच गळ्यात पडला होता. "यापुढे बाबांना हात लावायचा तर आधी मला पटवायचं. माझ्या सहीशिवाय काही होणार नाही. आणि हिला इथून बाहेर काढा."

सून बाहेर गेली. जाताना तिने म्हाताऱ्याच्या पायांवरचं पांघरूण तेवढं नीट केलं.

३

चादरींच्या खोलीत, इस्त्रीच्या गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात फौजदारबाईंनी सुनेला गाठलं. तिथे दोघींना धड उभं राहायलाही जागा नव्हती.

सून सगळं सरळ सांगत होती. मूतखड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, झकास झालं. डाव्या किडनीत खडा होता. आत एक नळी ठेवली होती, तीही गेल्या आठवड्यात काढली. औषधं तीच देते, वेळच्या वेळी देते. ताप रोज बघते.

"रोज म्हणजे कधी?"

"संध्याकाळी. बाबा दुकानातून आले की. एकदाही चढलेला नव्हता."

"विश्रांती सांगितली होती ना? मग दुकानात?"

"ऐकतात होय! नळी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडून बसले." सुनेला एवढ्यातही हसू आलं आणि लगेच विरलं. "जेवण मात्र तुटलं होतं. तोंडाला चव नाही म्हणायचे. आणि घरी यायचे ते शर्ट घामाने ओलाचिंब. मी म्हटलं, उकाडा."

फौजदारबाईंनी चष्मा वर ढकलला. घामाची गोष्ट त्यांनी मनात बाजूला ठेवली. मग झोपेच्या गोळ्यांचा विषय काढला. त्या सासूबाईंच्या होत्या, सासूबाई गेल्यावर उरलेल्या गोळ्या सुनेने स्वतः टाकून दिल्या होत्या. बाटली दुकानात कशी गेली ते तिला माहीत नव्हतं. हे सांगताना मात्र ती कावरीबावरी झाली.

"काहीतरी लपवताय," फौजदारबाई म्हणाल्या.

सुनेने चादरींच्या गठ्ठ्यावर हात टेकला. "बाटलीचं नाही. काल रात्री बाबांनी मला आईंच्या नावाने हाक मारली. दोनदा. मी ओ दिली. ताईंना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, हिला जमत नाही, आणि बाबांना घेऊन गेल्या असत्या. ते गेले तर त्या घरात मी एकटी काय करू?" ती थांबली. "माझ्यावर आळ येऊ दे, डॉक्टर. ते वाचतील ना?"

खोटं आश्वासन द्यायची फौजदारबाईंना सवय नव्हती. कारण सापडलं तर वाचतील, एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर येतात तो समोरून सर्जन ताडताड चालत आले. मूतखड्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणायचे आणि ते स्वतःही म्हणायचे. बोलायच्या आधीच त्यांनी हात झटकले.

"माझ्याकडे बघू नका. ऑपरेशन चोख झालंय. नळी मी स्वतः काढली, तेव्हा म्हातारा ठणठणीत होता, जाताना माझ्या चष्म्याला नावं ठेवून गेला. ताप नाही. सुनेने धोसरा लावला म्हणून परवा लघवीही तपासली, आरशासारखी स्वच्छ. जंतू नाही, काही नाही. किडनीचा इथे संबंध नाही."

"सुनेने धोसरा लावला?"

"हो. जेवत नाहीत, लघवी तपासा, म्हणून रोज फोन."

फौजदारबाईंनी हेही मनात ठेवलं. विष घालणारी बाई रोज डॉक्टरला फोन करून तपासण्या मागत नाही.

"आणि खडा, सर? तो लॅबला पाठवला होता?"

सर्जन हसले. "खडा मी पेशंटला देतो. माझी पहिल्यापासूनची पद्धत आहे. लोक खुश होतात, पाहुण्यांना दाखवतात. लॅबमध्ये पाठवून त्याचा भुगा कशाला करायचा?"

"कसा होता? रंग कोणता?"

"रंग? मी काय त्याचं लग्न जमवत होतो?"

त्याच वेळी आतून नर्सची हाक आली. सलाईन जोरात चालू असूनही बीपी आणखी खाली आलं होतं. म्हाताऱ्याने सुईचा हात हवेत धरला होता, आणि बोटांनी तो एक न दिसणारा स्क्रू पिळत होता.

फौजदारबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. सून खरं बोलत होती. सर्जनही खरं बोलत होते. ताप नाही हे खरं, लघवी साफ हेही खरं. आणि इतक्या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या देखत माणूस मरत होता.

४

कारागीर बाहेरच्या बाकावर बसला होता. मुलीने त्याला आत येऊ दिलं नव्हतं. त्याचं आणि मालकांचं गेल्या महिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, अख्ख्या गल्लीने ते ऐकलं होतं. त्याने मांडीवर रुमालाचं एक गाठोडं घट्ट धरून ठेवलं होतं.

फौजदारबाई त्याच्या शेजारी बसल्या. आधी भांडणाचं विचारलं. भांडण नव्या मशीनवरून होतं, त्याला काच घासायचं नवं मशीन हवं होतं आणि मालकांना नको होतं. ते मिटलंही होतं. मग त्यांनी सहज बोलल्यासारखं करून खडा टाकून बघितला.

"दुकानात फरशीवर स्क्रू सांडलेले होते म्हणे. मालकांचा हात थरथरत होता का?"

कारागिराचा चेहरा पडला. त्याने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

"थरथरत होता," तो म्हणाला. "आजचंच नाही. नळी काढल्यापासून. दुपारच्या सुमाराला मालकांना हुडहुडी भरायची. दात वाजायचे. स्क्रू हातात ठरायचा नाही. मी पंखा बंद करायचो, त्यांना कोट घालायचो आणि तापाची गोळी द्यायचो. मग तासाभरात घाम फुटायचा की झाले बरे. आज तर ते माझ्याआधीच उठून आले होते, काचा उलट्या बसवून रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, बाईसाहेब बसल्यासारखे."

"ताप मोजला कधी?"

"चष्म्याच्या दुकानात थर्मामीटर कुठला, मॅडम?"

"घरी का नाही सांगितलं?"

"मालकांनी शपथ घातली होती. सूनबाईला कळलं तर ती मला पुन्हा हॉस्पिटलात टाकील, म्हणाले. इथे मरेन पण तिथे जाणार नाही." त्याने डोळे पुसले. "मला वाटलं, म्हातारपणाची थंडी. मी मारलं का हो त्यांना?"

फौजदारबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांचं डोकं पुढे धावत होतं. ताप होता. रोज होता. पण तो दुकानात यायचा आणि थर्मामीटर घरी होता. संध्याकाळी म्हातारा घरी पोचेपर्यंत गोळीने ताप उतरवून ठेवलेला असायचा, आणि सुनेच्या हाती लागायचा फक्त ओला शर्ट.

"आणि ती बाटली? झोपेच्या गोळ्यांची?"

"ती होय? ती स्क्रूची. घरातून रिकाम्या बाटल्या आणून मालक त्यात स्क्रू भरतात. सगळा खण त्यांनीच भरलाय. त्यातली एक त्यांनी मोकळी केली, सर्जनसाहेबांनी दिलेला खडा ठेवायला. पण तो बाटलीत राहीना. हलवला की त्याची पूड पडायची. म्हणून मग भिंगाखाली मांडला."

फौजदारबाई उठून उभ्या राहिल्या.

"तो खडा आता कुठे आहे?"

कारागिराने गाठोडं सोडलं. "आणलाय की. मालक शुद्धीवर आले की आधी हाच मागतील."

त्यांनी हातमोजा चढवला आणि खडा बोटांत धरला. पांढुरका होता, हलका होता. चिमटीत जरा दाबला तर त्याचा कोपरा खडूसारखा भुगा होऊन सांडला. वास तोच, तुंबलेल्या मोरीचा. आता तो कुठला ते त्यांना लख्ख आठवलं.

सगळं घर ज्याला विष समजत होतं ती पूड ही होती. आणि ज्याने खरंच जीव घ्यायला काढला होता, तो इतके दिवस दुकानाच्या दर्शनी कपाटात येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दाखवत बसला होता.

५

पलंगाभोवती चौघे उभे होते. मुलगी उशाशी, सर्जन घड्याळ बघत, कारागीर दाराला चिकटून. सुनेला फौजदारबाईंनी स्वतः हाताला धरून आत आणलं होतं. मुलीने नाक मुरडलं. म्हाताऱ्याच्या श्वासाचा आवाज खोलीभर होता.

"बाटलीत गोळ्यांची पूड नाही," फौजदारबाई म्हणाल्या आणि खडा सर्जनांपुढे धरला. "ही याची पूड आहे. सर, दाबून बघा."

सर्जननी नाइलाजाने खडा घेतला. अंगठ्याखाली तो चुरला. त्यांची घड्याळाकडची नजर परत आली ती खड्यावरच थांबली.

"बहुतेक मूतखडे टणक असतात," फौजदारबाई मुलीकडे वळून सांगू लागल्या. "काही मात्र जंतूच रचतात. ते असे भुसभुशीत होतात, पांढरट, आणि त्यांना असा वास येतो. जंतू खड्याच्या आत मुक्काम ठोकून असतात, तिथे औषध पोचत नाही. खडा फोडला की ते मोकळे होतात. हा लॅबमध्ये गेला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. पण हा भेट म्हणून घरी गेला."

"लघवी साफ आहे," सर्जन म्हणाले. आवाजातला जोर मात्र कमी झाला होता. "आत इन्फेक्शन असतं तर लघवीत दिसलं असतं."

"कुठल्या किडनीची लघवी, सर?"

सर्जननी चुरलेला खडा ट्रेमध्ये ठेवला.

"माणसाला किडन्या दोन," फौजदारबाई म्हणाल्या. "डावीत खड्याचा एखादा तुकडा मागे राहिला असेल आणि नळी काढल्यावर तो घसरून वाटेत अडकला असेल, तर डावीचं दार बंद. तिच्यातला थेंब खाली येत नाही. तुम्ही तपासलीत ती सगळी लघवी उजवीची. उजवी निरोगी आहे, तिने खरीच साक्ष दिली. पण ती स्वतःपुरती दिली. आपण ती दोघींची धरून बसलो."

"ताप नाही," सर्जन पुटपुटले.

"रोज होता. हुडहुडी भरून." त्यांनी कारागिराचं सगळं सांगितलं. कारागिराने मान खाली घातली. सुनेने तोंडावर हात दाबला, तिला तो ओला शर्ट आठवला असावा. "आणि आज शरीरात ताप चढवायचंही त्राण उरलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं. ताप येत नाही, माणूस बरळायला लागतो. डाव्या काचेच्या जागी उजवी बसवतो, मेलेल्या बायकोशी बोलतो. पहिली खूण तीच होती आणि आपण सगळे विष शोधत होतो."

दारातून सोनोग्राफीचं मशीन आत आलं. फौजदारबाई बाजूला झाल्या. सर्जननी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतः मशीनचा प्रोब हातात घेऊन म्हाताऱ्याच्या डाव्या कुशीवर टेकवला.

पडद्यावर करडं काहीतरी हललं. सर्जन झुकून बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं सगळ्यांनी पाहिलं.

"किडनी फुगली आहे," ते म्हणाले. "आत गढूळ आहे सगळं. पू."

"अँटिबायोटिक चालू आहे, पण बंद खोलीत ते कुठून शिरणार?" फौजदारबाई म्हणाल्या. "ताई, पाठीतून सुई घालून तिथे नळी टाकावी लागेल. आत्ता. उशीर झाला तर मी तुम्हाला काहीच सांगू शकणार नाही. तुम्ही पटवायला सांगितलं होतंत. मी एवढंच पटवू शकते."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. म्हातारा हवेतला स्क्रू पिळतच होता.

"म्हणजे हिने काही केलं नाही?"

"केलं की. या साऱ्या काळात लघवी तपासा, लघवी तपासा, म्हणून मागे लागली ती एकटी हीच. आमचंच चुकलं, आम्ही भलत्या किडनीचं ऐकलं."

मुलीने सही केली. सुनेने खालचा कागद धरून ठेवला.

६

नळीतून पू आला. सर्जननी तो स्वतः बाटलीत धरला, आणि ही बाटली मात्र लॅबला गेली. खडाही गेला, फोडून, त्याच्या पोटातला गाभा तपासायला. पुढे दोन्हींत एकच जंतू सापडला, रक्तात सापडला तोही तोच.

त्या दिवशी मात्र कोणालाच कसला भरवसा नव्हता. संध्याकाळपर्यंत बीपी वर-खाली होत राहिलं. सर्जन घरी गेले नाहीत. ते पलंगाच्या कठड्याला टेकून उभे होते, आणि एकदा फौजदारबाईंना हळूच म्हणाले, "मी किती जणांना खडे वाटले असतील?"

बाहेरच्या बाकावर नणंद-भावजय शेजारी बसल्या होत्या. नणंदेने माफी मागितली नाही. ती म्हणाली, "मी तुझ्यावर नको तो आळ घेतला. मला लगेच माफ करू नकोस. मला बरं वाटेल." सून म्हणाली, "बरं." आणि मग दोघीही रडल्या. कारागिराने तिघांसाठी चहा आणला आणि सुनेच्या समोर तो उभाच राहिला. तिने त्याला बस म्हटलं, तेव्हा कुठे तो बसला.

म्हातारा वाचला. पण लगेच नाही, आणि सहज तर मुळीच नाही. काही दिवस तो कोणालाच ओळखत नव्हता. सून रोज येऊन आपलं नातं सांगायची, तो मान डोलवायचा आणि विसरायचा.

मग एका सकाळी फौजदारबाई त्याच्यावर वाकल्या असताना म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "चष्म्यावर बसलात का काय?"

त्याने हात वर केला. बोटं अजून कापत होती. त्याने त्यांच्या नाकावरून चष्मा उतरवला, कानामागची दांडी अंगठ्याने हलकेच दाबली, डोळ्यांसमोर धरून पारखली आणि परत घालून दिला. पायथ्याशी उभ्या असलेल्या सुनेने डोळ्यांना पदर लावला. "रडतेस काय," म्हातारा तिला म्हणाला, "सूनबाई, शटर कोण उघडतंय सध्या?"

फौजदारबाई मान वळवून उभ्या राहिल्या. बऱ्याच दिवसांनी सगळं सरळ दिसत होतं: खिडकीचे गज, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पलीकडचा पलंग.

पलीकडच्या पलंगावर एक बाई घरी जायच्या तयारीत बसली होती. तिचं मूतखड्याचं ऑपरेशन म्हाताऱ्याच्याही आधी झालं होतं, आत ठेवलेली नळी काढायला ती काल भरती झाली होती. न्यायला आलेल्या बहिणीला ती हसत हसत पर्समधली एक छोटी बाटली दाखवत होती. बहिणीने ती हातात घेऊन हलवली.

खड्याभोवती पांढरी पूड उडाली आणि सावकाश तळाशी बसली.

फौजदारबाई तिच्या पलंगापाशी गेल्या.

"काही त्रास नाही ना?" त्यांनी विचारलं. "ताप वगैरे?"

"छे हो," बाई म्हणाली आणि खांद्यावरची शाल आणखी घट्ट ओढून घेतली. "जरा थंडी वाजत होती पहाटे. गोळी घेतली की मी."